वेगळ्या चुली, एकच कर्नल

प्रोग्रामरच्या मशीनवर कायमची धुसफूस असते ती प्रकल्पांची आपसातली. एकाला पायथन २.७ च लागतो. त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला ही बातमी त्या प्रकल्पापर्यंत पोचलेलीच नसते. दुसऱ्याला ताज्यातला ताजा पायथन हवा. तिसरा ओपनएसएसएल १.१ ही एन्क्रिप्शनची लायब्ररी सापडत नाही म्हणून सुरूच व्हायला तयार नाही, कारण उबुंटू २२.०४ आणि डेबियन १२ या दोन्हींनी ती काढून ३.० आणली. एकाची समजूत काढावी तर दुसरा रुसून बसतो. यावर मला सापडलेला तोडगा म्हणजे लिनक्स कंटेनर, आणि हा लेख त्याच्याबद्दल आहे.

जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या १७ व्या आवृत्तीच्या वेळचा गोंधळ अनेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो आला आणि सोबत ओपनएसएसएल ३ घेऊन आला. जावास्क्रिप्टच्या फाइली एकत्र बांधणारा वेबपॅक ४ आतल्या आत एमडी४ नावाचा जुना हॅश (मजकुरावरून काढलेली छोटी खूण) वापरायचा आणि नव्या ओपनएसएसएलने तो आपणहून बंद करून ठेवलेला. कोडची एक ओळही न बदलता बिल्ड आडवे पडायला लागले. उपाय तयार होता: एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंगमध्ये) जुनी क्रिप्टोग्राफी चालू ठेवायचा पर्याय लिहायचा. तो शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये टाकला की नवा नोड गप्प. पण तेव्हाच्या नोड १६ ला हा पर्यायच माहीत नाही, त्यामुळे तो आता सुरू होतानाच अडून बसतो. एका प्रकल्पाचं औषध दुसऱ्याला विष, आणि दोघांची बाटली एकच.

यावर भाषागणिक तोडगे आहेत. पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, नोडसाठी आवृत्ती बदलणारी साधनं. जोवर भांडण त्या भाषेच्या हद्दीत आहे तोवर ती उत्तम चालतात आणि छोट्या कामाला मी अजूनही तीच वापरतो. पण खालची सी-लायब्ररी, इमेज हाताळणारी लायब्ररी, पोस्टग्रेस या डेटाबेसचा सर्व्हर, त्याचा ५४३२ हा पोर्ट (नेटवर्कवरचा दार-क्रमांक), ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन, सिस्टम सर्व्हिस, हे सगळं त्या हद्दीबाहेरचं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत उभं केलेलं दुसरं अख्खं मशीन, हा सगळा प्रश्न सोडवते, त्याबद्दल वाद नाही. फक्त प्रत्येक प्रकल्पामागे एक अख्खा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) बूट करायचा, त्याला आधीच मेमरी तोडून द्यायची आणि फाइलींची देवाणघेवाण हा वेगळा उद्योग होऊन बसतो. दोन-तीन मशीन चालू केल्या की पंखा बोलायला लागतो.

लिनक्स कंटेनर, म्हणजे त्याच कर्नलवर पण बाकीच्यांपासून वेगळे ठेवलेले चालू प्रोग्राम (प्रोसेस), या दोहोंच्या मधे बसतो. वेगळी चूल मांडायची, पण घर आणि पाया तोच ठेवायचा.

हे नेमकं कसं घडतं ते कळायला कोणतंही मोठं साधन बसवावं लागत नाही. जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर 'अनशेअर' नावाची छोटी कमांड आधीच असते. तिला सांगायचं की नवा यूजर नेमस्पेस (कर्नलने ठेवलेली वापरकर्त्यांच्या क्रमांकांची वेगळी यादी) दे, आत मला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, कर, नवा पीआयडी नेमस्पेस (तशीच प्रोसेसच्या क्रमांकांची यादी) दे, प्रॉक (प्रोसेसची माहिती दाखवणारं फोल्डर) नव्याने माउंट कर आणि बॅश हा शेल चालव. एंटर दाबल्यावर डॉलरच्या जागी हॅशचं चिन्ह येतं. 'आयडी' विचारलं तर उत्तर शून्य, म्हणजे साक्षात रूट. 'पीएस' चालवलं तर अख्ख्या यंत्रावर दोनच प्रोसेस: बॅश, ज्याचा क्रमांक १, आणि स्वतः 'पीएस'. ब्राउझर, एडिटर, डेस्कटॉप, सगळं गायब.

आता शेजारी दुसरा टर्मिनल उघडायचा आणि बाहेरून बघायचं. तोच बॅश बाकीच्या शेकडो प्रोसेसच्या रांगेत निमूट उभा असतो, क्रमांक भलताच मोठा, मालक मी. प्रॉकमध्ये त्याच्या नावाने यूआयडी-मॅप नावाची फाइल असते. ती उघडली की एकच ओळ दिसते, तीन आकड्यांची: ०, १०००, १. आतला शून्य म्हणजे बाहेरचा हजार (माझा वापरकर्ता-क्रमांक), आणि ही ओळखपरेड फक्त एकाच आकड्यापुरती. आतल्या रूटचं सगळं वैभव एवढ्या तीन आकड्यांवर उभं आहे. त्या रूटला यंत्राचं होस्टनेम बदलायला सांगा. परवानगी नाही म्हणून परत येतो, कारण होस्टनेमचा नेमस्पेस आपण मागितलाच नव्हता, तो अजून बाहेरच्यांचाच आहे. जे वेगळं मागाल तेवढंच वेगळं मिळतं, बाकी सगळं सामाईक.

मला या यंत्रणेत सगळ्यात आवडते ती हीच गोष्ट. लिनक्सच्या कर्नलमध्ये 'कंटेनर' नावाची वस्तूच नाही. फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमने २००० मध्ये 'जेल' आणला, तो एक सलग, नाव असलेला प्रकार होता. सोलारिसच्या झोनचंही तसंच. लिनक्समध्ये मात्र तुकड्यातुकड्याने काम झालं. फाइल-व्यवस्थेचं मूळ बदलणारा 'चरूट' १९७९ च्या युनिक्समधलाच. माउंट नेमस्पेस २००२ मध्ये आला. कोणी किती मेमरी आणि सीपीयू खायचा हे ठरवणारे सीग्रुप गूगलमध्ये २००६ च्या सुमारास सुरू झाले आणि जानेवारी २००८ च्या २.६.२४ मध्ये कर्नलात शिरले. रूट नसलेल्या माणसाला आतल्यापुरता रूट करणारा यूजर नेमस्पेस कामचलाऊ पूर्ण व्हायला २०१३ चा ३.८ कर्नल उजाडला. त्याच वर्षी मार्चमध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन या पायथनच्या परिषदेत पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात डॉकर (कंटेनर बांधून चालवणारं साधन) दाखवला आणि जगाला वाटलं कंटेनर आज जन्मला. तेव्हाचा डॉकर आतून एलएक्ससी हे आधीचं कंटेनर-साधनच वापरत होता; स्वतःची लायब्ररी त्याने पुढच्या वर्षी आणली.

डॉकरबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. पाठवायची वस्तू बांधायला त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. एक प्रोसेस, तिच्यापुरत्या फाइली, बांधा आणि सर्व्हरवर धाडा. पण दिवसभर बसून काम करायची जागा म्हणून तो मला टोचतो. आत सर्व्हिस सांभाळणारा सिस्टमडी नाही, क्रॉन नाही. काही बसवलं आणि कंटेनर नव्याने उभा केला की ते गेलं. विकासाच्या काळात मला अजून माहीतच नसतं की शेवटी काय काय लागणार आहे. मला खणाखणी करायची असते, चुकीची पॅकेजं बसवायची असतात, एखादी सर्व्हिस बंद पाडून बघायची असते. त्यासाठी एलएक्ससीच्या घराण्यातले 'सिस्टम कंटेनर' बरे. आत खरा इनिट (मशीन सुरू होताच चालणारा पहिला प्रोग्राम) चालतो, लॉग असतात, सर्व्हिस चालू-बंद करता येतात. वागणं पूर्ण मशीनचं, वजन काही प्रोसेसचं. २०२३ मध्ये उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीने एलएक्सडी हा असे कंटेनर सांभाळणारा प्रकल्प सामुदायिक छत्राखालून स्वतःकडे नेला आणि त्यातून इन्कस नावाची शाखा फुटली. मी इन्कसकडे गेलो. कमांड जवळपास त्याच आहेत, बोटांना फार शिकावं लागलं नाही.

प्रत्येक कंटेनरला स्वतःचा नेटवर्क नेमस्पेस मिळतो, म्हणजे स्वतःचा पत्ता आणि स्वतःचे पोर्ट. एकात पोस्टग्रेस १३, दुसऱ्यात १६, दोघेही आपापल्या ५४३२ वर बसलेले, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. कॉन्फिगरेशनमध्ये '५४३३ कोणाचा होता बरं?' हा प्रश्न संपला. एवढ्या एका गोष्टीने माझ्या डोक्यातली किती जागा मोकळी झाली, ते कौतुक ज्याने असे पोर्ट वाटून दिलेत त्यालाच कळेल.

स्नॅपशॉटचंही, म्हणजे कंटेनरच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीचंही, तसंच. खाली बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइल-व्यवस्था असेल तर स्नॅपशॉट निघायला क्षण पुरतो, कारण प्रत्यक्षात काही कॉपी होतच नाही. पुढे जे बदलेल तेवढंच वेगळं लिहिलं जातं. आवृत्ती वाढवण्याआधी एक काढायचा, मग बिनधास्त वाढवायची. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. डेटाबेस चालू असताना काढलेला स्नॅपशॉट म्हणजे मध्येच वीज गेल्यासारखी स्थिती. पोस्टग्रेस आपल्या लॉगवरून सावरतो, सगळेच सावरतील असं नाही. आणि बाहेरून आत जोडलेली फोल्डर स्नॅपशॉटमध्ये येत नाहीत. आपण मागे जातो, कोड पुढेच राहतो.

बाहेरून जोडलेल्या फोल्डरवर आलोच आहे तर तिथेच थोडं थांबू. सगळ्यात जास्त लोक इथे वैतागतात, आणि वैतागून अशा सेटिंग करतात की भिंत नावालाच उरते.

कोड बाहेर ठेवायचा, एडिटर बाहेर, आणि चालवायचं आत, ही साधी इच्छा. फोल्डर जोडलं, आत जाऊन यादी काढली, तर प्रत्येक फाइलीचा मालक 'नोबडी'. लिहायला गेलं की परवानगी नाही. रूट असून परवानगी नाही! कारण पुन्हा तेच आकडे. रूटशिवाय चालणाऱ्या कंटेनरला सहसा बाहेरच्या १००००० पासून पुढचे ६५५३६ क्रमांक दिलेले असतात. आतला ० म्हणजे बाहेरचा १०००००, आतला १००० म्हणजे बाहेरचा १०१०००. माझ्या फाइली बाहेरच्या १००० च्या नावावर. हा १००० त्या वाटपात कुठेच बसत नाही, म्हणून कर्नल त्याला ६५५३४ हा अनोळखी क्रमांक चिकटवतो आणि आतून 'नोबडी' दिसतो. उलट बाजूने, आत तयार झालेल्या फाइली बाहेर १०१००० या कुणीच नसलेल्या माणसाच्या मालकीच्या दिसतात.

वैतागलेला माणूस इथे दोनपैकी एक करतो. एक तर फोल्डरला सगळ्यांसाठी सगळ्या परवानग्या देऊन टाकतो, नाहीतर कंटेनर 'प्रिव्हिलेज्ड' करतो, म्हणजे आतला शून्य आणि बाहेरचा शून्य एकच. दुसरा मार्ग फार महाग पडतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रनसी या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये एक भोक उघडकीला आलं. आतला रूट बाहेरचा रनसी प्रोग्रामच बदलून टाकू शकत होता आणि पुढच्या वेळी तो चालला की यंत्र त्याचं. ज्यांच्याकडे आतला शून्य बाहेर कुणीच नव्हता ते यातून वाचले. आकड्यांची ती कटकट म्हणजेच संरक्षण होतं. ५.१२ या २०२१ च्या कर्नलपासून आयडी-मॅप केलेले माउंट आले. फोल्डर जोडतानाच कर्नलला सांगता येतं की या जोडणीपुरते आकडे सरकवून दाखव. डिस्कवर काहीच बदलत नाही, आतून फाइली माझ्या दिसतात, बाहेरूनही माझ्याच. इन्कसमध्ये डिस्क जोडताना 'शिफ्ट' हा पर्याय दिला की काम झालं. सगळ्या परवानग्या उधळणारे जुने सल्ले मात्र अजून शोधात वर येतात.

आकड्यांचा प्रश्न सुटला तरी एक गोष्ट उरते, आणि तिच्यामुळे माझी कंटेनरकडे बघायची नजर बदलली. भिंत कर्नल घालतो. तिला भोकं मात्र आपणच पाडतो, आणि ती पाडल्याशिवाय काम होत नाही. वातावरण किती विलग आहे हे मला आता नेमस्पेसच्या संख्येवरून कळत नाही. मी भोकांची यादी बघतो.

एनपीएम या नोडच्या पॅकेज-भांडारातलं एखादं पॅकेज बसवताना त्याची इन्स्टॉल-स्क्रिप्ट माझ्या हक्काने चालते. माझ्या होम फोल्डरमध्ये एसएसएचच्या (दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच्या) खासगी किल्ल्या, क्लाउडचे टोकन, ब्राउझरची प्रोफाइल, सगळं असतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजमध्ये एका नव्या देखभालकर्त्याने घुसवलेला कोड सापडला. तो एका बिटकॉइन वॉलेटच्या मागावर होता. असा कोड कंटेनरमध्ये बसला तर त्याला माझं होम दिसत नाही, हा फायदा खरा आणि मोठा. पण मग गिट पुश करायचं, म्हणजे कोड सर्व्हरवर पाठवायचा असतो. त्यासाठी एसएसएच एजंटचा (किल्ल्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) सॉकेट, म्हणजे त्याच्याशी बोलायचं दार, आत दिला की किल्ली बाहेर राहते, वाचता येत नाही; पण सॉकेट उघडा असेपर्यंत आतला कुणीही त्या किल्लीने सही करून घेऊ शकतो. ब्राउझरची चाचणी खिडकीत बघायची म्हणून एक्सचा (पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) सॉकेट दिला तर आतला प्रोग्राम बाहेरच्या खिडक्यांमध्ये टाइप होणारी अक्षरं वाचू शकतो. आतून आणखी कंटेनर बांधायचे म्हणून डॉकरचा सॉकेट दिला तर विषयच संपला. ज्याच्या हाती तो सॉकेट, तो सांगेल ते फोल्डर जोडून हवा तसा कंटेनर उभा करतो, म्हणजे बाहेरचा रूटच.

डिस्ट्रोबॉक्स आणि टूलबॉक्स ही साधनं तर अख्खं होम आत देतात. ती प्रामाणिक आहेत, आमचा हेतू एकजीव होणं आहे, विलगीकरण नव्हे, असं डिस्ट्रोबॉक्सवाले स्वतःच लिहितात. पॅकेजांची गर्दी मूळ सिस्टमवर होऊ नये एवढाच प्रश्न असेल तर ती झकास. पण 'मी सगळं कंटेनरमध्ये चालवतो, मला काय भीती' असं तिथे बसून म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: आतून एसएसएचचं फोल्डर उघडून बघितलंस का?

बराच काळ माझा तोडगा असा होता की कोड सामाईक, पण गिट फक्त बाहेरून. किल्ल्या आत जाण्याचा प्रश्नच नाही. ऐकायला पक्कं वाटतं. पण सामाईक फोल्डरमध्ये गिटचं स्वतःचं लपलेलं फोल्डरही येतं आणि त्यात हुक असतात. पुश करण्याआधी चालणारी स्क्रिप्ट तिथेच ठेवलेली असते. आतल्या कोडने ती लिहिली तर ती बाहेर, माझ्या हक्काने, मी पुश म्हणताच चालेल. गिटच्या कॉन्फिग फाइलमध्येही बाहेरचा प्रोग्राम चालवायला लावणाऱ्या ओळी लिहिता येतात. म्हणजे कंटेनर फोडायचीही गरज नाही. आत एक चिठ्ठी लिहून ठेवायची आणि मालक येऊन वाचेपर्यंत थांबायचं.

म्हणून संशयास्पद पॅकेजांचा भरणा असलेल्या प्रकल्पांत आता मी उलट करतो. रेपॉझिटरी (गिटने सांभाळलेला प्रकल्पाचा कोड) पूर्णपणे आत, एडिटर बाहेरून एसएसएचने आत जोडलेला, आणि पुश करायला त्या एकाच रेपॉझिटरीपुरती चालणारी डिप्लॉय की. ती चोरीला गेली तर तो एक प्रकल्प जाईल, आणि तोही मेन शाखेवर थेट पुश बंद केलेलं असेल तर फारसा नाही. माझी मुख्य किल्ली त्या भानगडीत कुठेच नसते. एडिटरचे रिमोट जोडही दोन्ही बाजूंनी बोलतात हे मी जाणून आहे. त्यांतले एक्स्टेंशन कमी ठेवतो आणि पुढे जातो. शंकेला कुठेतरी आवर घालावाच लागतो, नाहीतर कोड लिहायचा कधी?

काही गोष्टी कंटेनर देऊच शकत नाही. कर्नल एकच, त्यामुळे कर्नल मॉड्यूलवर काम असेल तर व्हर्च्युअल मशीनला पर्याय नाही. तारीख पुढे ढकलून चाचणी करायची असेल तर आतून घड्याळ हलत नाही. २०२० मध्ये ५.६ कर्नलात टाइम नेमस्पेस आला खरा, पण त्याने बूटपासूनची वेळ बदलता येते, भिंतीवरचं घड्याळ सामाईकच. आणि जो कोड शत्रूचाच आहे असं धरून चालवायचा, त्याला सामाईक कर्नलवर आणूच नये. मॅकवर डॉकर चालवणाऱ्यांना तर व्हर्च्युअल मशीन न मागताच मिळालेली असते, कारण लिनक्स कंटेनरला लिनक्स कर्नल कुठूनतरी आणावाच लागतो.

मेमरीचा एक लपंडाव मात्र सांगण्यासारखा. सीग्रुपने कंटेनरला दोन जीबीची मर्यादा घातली तरी आतल्या प्रॉकमध्ये अख्ख्या यंत्राची मेमरी दिसू शकते. सीपीयूच्या वेळेवर मर्यादा घातली तरी कोअर सगळे मोजले जातात. बिल्डचं साधन मग खुशीत प्रत्येक कोअरमागे एक कंपायलर सोडतं, मर्यादा ओलांडली जाते आणि कर्नल त्यातल्या एकाचा बळी घेतो. पडद्यावर उरतं फक्त 'किल्ड'. ना ओळ क्रमांक, ना कारण. जावाला ही मर्यादा ओळखायची समज २०१८ च्या जावा १० मध्ये आली, नंतर जुन्या ८ मध्येही आणली गेली. एलएक्ससीएफएस नावाची छोटी फाइल-व्यवस्था आत खरे आकडे दाखवते आणि इन्कस ती वापरतो, तरी मी समांतर कामांची संख्या हातानेच लिहितो.

कंटेनर वर्षभर वापरात राहिला की तोही जुन्या मशीनसारखाच गाळ साठवतो. कोणतं पॅकेज कशासाठी बसवलं ते आठवत नाही आणि तो पुसायची हिंमत होत नाही. म्हणून उभारणीची स्क्रिप्ट मी पहिल्या दिवसापासून ठेवतो आणि अधूनमधून दुसऱ्या नावाने कोरा कंटेनर उभा करून ती चालवतो. दरवेळी काही ना काही राहिलेलं सापडतं: हाताने टाकलेली एखादी कॉन्फिग ओळ, नाहीतर डेटाबेसचं एक्स्टेंशन.

प्रकल्प संपल्यावर नुसती स्क्रिप्ट ठेवून भागत नाही हेही खरं. डेबियनच्या जुन्या आवृत्त्या नेहमीच्या मिररवरून निघून संग्रहाच्या सर्व्हरवर जातात, बाहेरच्या रेपॉझिटरी तर एक दिवस उत्तरच देत नाहीत, आणि स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला थांबते. त्यामुळे मी कंटेनर निर्यात करून त्याची एक दाबलेली फाइल आणि ती स्क्रिप्ट, दोन्ही जोडीने ठेवतो. फाइल उद्या लगेच उठवून चालवता येते. आत काय आणि का आहे ते स्क्रिप्ट वाचून कळतं. निर्यातीआधी डिप्लॉय की रद्द करायची, आतली इतिहासाची फाइल पुसायची आणि जुने स्नॅपशॉट काढून टाकायचे, कारण निर्यात करताना वगळायला सांगितलं नाही तर तेही सोबत जातात, आणि पुसलेली किल्ली त्यांच्यात शाबूत असते.